जुनी मराठी वृत्तपत्रं शोधताना: संमतिवयाच्या वादाच्या निमित्तानं एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८८४ ते १८९१ या काळात रखमाबाईंचा खटला (बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला म्हणून त्यानं भरलेला) आणि संमतिवयाचं बिल (शरीरसंबंधाला मुलीची संमती कायद्यानं ग्राह्य धरण्याचं किमान वय वाढवणारं) यांवर मराठी वृत्तपत्रांत जो वाद पेटला, त्यावर प्रबंध लिहायचा आहे. 'केसरी', 'सुधारक', 'इंदुप्रकाश', 'ज्ञानप्रकाश', 'दीनबंधु' यांचे मूळ अंक हवे आहेत. इंटरनेटवर पुष्कळ शोधूनही हाती काही लागलं नाही, तर सुरुवात कुठून करावी?

माझा सल्ला ऐकाल तर पहिला आठवडा कुठल्याही ग्रंथालयात जाऊ नका. घरी बसून एक तक्ता करा. अँड्र्यू स्कोबल यांनी हे बिल ९ जानेवारी १८९१ रोजी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडलं आणि १९ मार्चला ते मंजूर झालं. संमतीचं वय दहावरून बारा वर्षं झालं. 'केसरी' तेव्हा दर मंगळवारी निघायचा. म्हणजे १३ जानेवारीपासून बिल मंजूर झाल्यानंतरच्या पहिल्या अंकापर्यंत, २४ मार्चपर्यंत, अकरा मंगळवार येतात. हे अकरा दिनांक वहीत एकाखाली एक लिहा, शेजारी प्रत्येक पत्रासाठी एक रकाना आखा आणि जो अंक प्रत्यक्ष पाहाल त्यापुढे खूण करा.

हे फार साधं वाटेल, पण बहुतेकांची चूक इथेच होते. जाडजूड बांधीव खंड समोर येतो, आपण पानं उलटत जातो, तीन-चार चांगले उतारे मिळतात आणि 'त्या वर्षाचा केसरी पाहिला' असं समाधान घेऊन आपण बाहेर पडतो. मधले दोन मंगळवार खंडात नव्हतेच, हे लक्षातही येत नाही. एका खंडात मला नेमका हवा असलेला महिनाच गायब दिसला होता. तो पुढे दुसऱ्याच पत्राच्या खंडात, शेवटी शिवलेला सापडला. दोन्ही पत्रांचा आकार सारखा होता, म्हणून बांधणाऱ्यानं ते एकत्र घातले असावेत. हातात तक्ता नसता तर काही हरवलंय हेच मला कळलं नसतं.

तक्ता करतानाच प्रत्येक पत्राचं चरित्र थोडं समजून घ्या. कोण संपादक होता, कधीपर्यंत होता, पत्र कुठून निघत होतं, किती दिवसांनी निघत होतं. 'केसरी' म्हटलं की टिळक, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण १८८१ पासून १८८७ पर्यंत 'केसरी'चे संपादक आगरकर होते. रखमाबाईंच्या खटल्याचा पहिला निकाल १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दिला, तेव्हाचा 'केसरी' आणि १८९१ चा 'केसरी' यांमागे वेगवेगळी माणसं आहेत. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला तो सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी झालेल्या मतभेदातून. प्रबंधात नुसतं 'केसरीची भूमिका' असं लिहिलंत तर जाणता परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल.

आणखी एक गोष्ट भाषेची. 'दर्पण' १८३२ मध्ये निघालं तेच मुळी मराठी आणि इंग्रजी अशा जोड रकान्यांत. 'इंदुप्रकाश'ही द्विभाषी होतं, 'सुधारक'मध्ये इंग्रजी मजकूर असायचा आणि त्यात गोपाळ कृष्ण गोखले लिहीत. त्यामुळे ग्रंथालयांच्या काही तालिकांत (कॅटलॉगांत) ही पत्रं मराठीखाली नोंदलेली असतात, काहींत इंग्रजीखाली. एका ठिकाणी नाही मिळालं की दुसऱ्या भाषेच्या कपाटाकडे वळायचं.

वर्ष आणि अंकाचे आकडे फार फसवतात. पत्राचं वर्ष जानेवारीत सुरू होतंच असं नाही. 'सुधारक' ऑक्टोबर १८८८ मध्ये सुरू झाला, म्हणून १८९१ चा जानेवारी ते मार्च हा काळ हिशोबानं तिसऱ्या वर्षात पडतो आणि तो खंड '१८९०' अशा चिठ्ठीखाली बसलेला असू शकतो. पुष्कळ पत्रांवर शकाचा आकडा ठळक असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९ मिळवावे लागतात. जानेवारी ते मार्च १८९१ हा तुमचा वादळी काळ सगळा शके १८१२ मध्ये येतो. ज्यांनी नुसते ७८ मिळवले त्यांनी हा अंक १८९० चा म्हणून नोंदवला. मुद्रित सूचींतही अशी चूक मी पाहिली आहे. पत्र निघण्याचं अंतरही मध्येच बदलतं. 'दर्पण' आधी पाक्षिक होतं, चार महिन्यांत साप्ताहिक झालं. तेव्हा अंकाच्या क्रमांकावरून दिनांक काढायला जाऊ नका, दिनांक छापलेला असेल तोच घ्या.

आता सूची. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली हे सर्वांना ठाऊक असतं. दाते, काळे आणि बर्वे यांची मराठी नियतकालिकांची स्वतंत्र सूची आहे, ती १८०० ते १९५० या काळाची असून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं काढली आहे. नावं विसरली गेलेली, गावोगावची अल्पायुषी पत्रं तिच्यात भेटतात. तिच्यासोबत मराठी विश्वकोशातल्या वृत्तपत्रांवरच्या नोंदी वाचा, त्या इंटरनेटवर मोफत आहेत. या दोन्हींतून तुमच्या पाच पत्रांची यादी पंधरापर्यंत जाईल, आणि ती जायलाच हवी. संमतिवयाचा वाद फक्त पुण्या-मुंबईच्या चार नामवंत पत्रांत झाला असं समजणं हा त्या काळावर अन्याय आहे.

प्रत्यक्ष अंक कुठे असतील, याचं माझं सूत्र असं: पत्र कुणाच्या मालकीचं होतं आणि पुढे ती मालकी कुणाकडे गेली, त्या वाटेनं जा. 'केसरी'ची फाइल पुण्यात केसरीवाड्यातल्या ग्रंथालयात पाहायची, हे उघडच आहे. 'ज्ञानप्रकाश' १८४९ मध्ये सुरू झालं आणि पुढे भारत सेवक समाजाकडे (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीकडे) आलं, म्हणून समाजाच्या आवारातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करायची. 'ज्ञानोदय' हे १८४२ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननं सुरू केलेलं पत्र. त्या मिशनच्या मातृसंस्थेची कागदपत्रं अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आहेत, तेव्हा शोध तिथपर्यंत जाऊ शकतो. ('ज्ञानोदय' तुमच्या यादीत नाही, ते घ्याच. स्त्रियांच्या प्रश्नावर ते सातत्यानं लिहीत होतं आणि हिंदू पत्रांशी भांडतही होतं.)

मालकीची वाट संपली की सार्वजनिक संग्रह. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग, ठाण्याचं १८९३ मधलं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि १८४८ मध्ये 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर. शंभर-सव्वाशे वर्षं जुनी वाचनालयं महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहेत. त्यांच्या तालिका इंटरनेटवर नसतात, पण माळ्यावर गठ्ठे असतात. पत्र लिहा, मग फोन करा, मग जा. जाताना मार्गदर्शकांचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र न्या, आणि नेमके कुठल्या दिनांकांचे अंक हवेत त्याची यादी हातात द्या. 'जुने पेपर पाहायचेत' असं म्हटलं की ग्रंथपालही काय काढून देणार? यादी दिली की ते स्वतः शोधायला लागतात. जुने सेवक निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याशी बोलून घ्या. कुठला गठ्ठा कुठे आहे हे बऱ्याचदा त्यांच्याच डोक्यात असतं.

आता ज्या साधनाबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे तिकडे येतो. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १८६८ पासून देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे छापायला सुरुवात केली. 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स' या नावानं ते ओळखले जातात. सरकारचा एक नेमलेला अधिकारी आठवड्याची मराठी, गुजराती, कानडी, उर्दू वगैरे पत्रं वाचून त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी सारांश किंवा अनुवाद द्यायचा. हे छापील खंड मुंबईला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत, लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरातही आहेत. ज्या पत्राची एकही प्रत आज कुठे उरलेली नाही, त्याचं त्या आठवड्याचं म्हणणं या खंडांत चार ओळींत का होईना मिळतं. शिवाय अहवालाबरोबर पत्रांची यादी असते, तीत गाव, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप असे तपशील मिळतात. कुठलं पत्र किती लोकांपर्यंत जात होतं याचा अंदाज द्यायला याहून सोयीचं साधन नाही.

पण हे खंड वापरताना डोळे उघडे ठेवा. सरकारला ज्याची काळजी वाटत होती तेवढंच त्यात आलं आहे. राजद्रोहाचा वास येणारं वाक्य पूर्ण अनुवादित होतं, पण एखाद्या बाईनं संपादकाला लिहिलेलं पत्र गाळलं जातं. उपरोध तर अनुवादात हमखास मरतो. आगरकरांचं एखादं धारदार वाक्य इंग्रजीत साध्या विधानासारखं उतरतं, आणि त्यावरून 'सुधारकनं असं म्हटलं' असं लिहिणं म्हणजे त्यांच्या तोंडी भलतंच घालणं. खपाचे आकडेही संपादकांनीच सांगितलेले असण्याचा संभव धरून चाला. म्हणून माझी पद्धत अशी की अहवालाचा उपयोग नकाशासारखा करायचा. जानेवारी ते मार्च १८९१ चे सगळे साप्ताहिक अहवाल आधी वाचून काढा, कुठल्या पत्रानं कुठल्या दिनांकाला काय लिहिलं ते आपल्या तक्त्यात भरा, आणि मग मूळ अंकाच्या मागे लागा. मूळ मिळालंच नाही तर अहवाल उद्धृत करा, पण 'अहवालातल्या इंग्रजी सारांशानुसार' असं स्पष्ट लिहून.

मूळ अंक हरवला तरी त्यातला मजकूर इतर ठिकाणी जिवंत असू शकतो. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'चे दोनच अंक काढले. ते सुटे शोधत बसण्याची गरज नाही, शासनानं काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ते आहेत. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मधलं आपलं पुस्तक ज्या लेखनावर संतापून लिहिलं ते 'पुणेवैभव' पत्रात आलं होतं, आणि विरोधकाचा सूर काय होता हे ताराबाईंच्या उत्तरातून लख्ख कळतं. पत्रं एकमेकांचे उतारे घेऊन त्यावर तुटून पडत, त्यामुळे हरवलेल्या पत्राचा परिच्छेद त्याच्या शत्रूच्या अंकात सापडतो. खटल्यांच्या कागदपत्रांतही अंक पुरावा म्हणून जोडलेले असतात. १५ जून १८९७ च्या 'केसरी'वरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यातला मजकूर अनुवादासह न्यायालयापुढे आला होता. फक्त पुस्तकरूपानं आलेल्या लेखसंग्रहांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. संग्रहात लेख एकटा येतो. मूळ पानावर त्याच्या शेजारी कुठली बातमी होती, खाली कुणाचं पत्र होतं, जाहिरात कशाची होती, हे सगळं गळून पडतं. वादाचा अभ्यास करणाऱ्याला तर शेजारचा रकाना लेखाइतकाच महत्त्वाचा.

इंग्रजी पत्रं सोडू नका. 'टाइम्स ऑफ इंडिया' १८३८ पासून, आधी 'बॉम्बे टाइम्स' या नावानं, प्रोक्वेस्ट या कंपनीच्या ऐतिहासिक वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहात आहे आणि त्यात शब्दानुसार शोध घेता येतो. बऱ्याच विद्यापीठांत तो उपलब्ध असतो. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'टाइम्स'ला जी पत्रं लिहिली ती स्वतःच्या नावानं नव्हती, 'एक हिंदू स्त्री' अशा सहीनं होती. त्या काळची निम्मी चर्चा अशा टोपणनावांआड चालते. नावानं शोधलंत तर ही पत्रं कधीच मिळणार नाहीत, विषयाच्या शब्दांनी शोधावं लागतं. नावाचं रोमन लेखनही 'रखमा' आणि 'रुखमा' असं दोन्ही करून बघा, आणि खटला तिच्या नवऱ्याच्या, दादाजी भिकाजीच्या नावानंही शोधा.

इंटरनेटवर काही लागलं नाही असं तुम्ही म्हणता. तिथे पुष्कळ काही आहे, पण ते शोधण्याच्या खिडकीला दिसत नाही. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन आहेत, राज्य मराठी विकास संस्थेनंही दुर्मीळ मराठी साहित्य संगणकावर आणलं आहे. अडचण नोंदींची आहे. नाव रोमनमध्ये टाकलेलं असतं, तेही ज्यानं स्कॅन केलं त्याच्या मनासारखं. 'ज्ञ' हे एकच अक्षर घ्या, कुणी ते 'डी-एन' नं सुरू करतं, कुणी 'जे-एन' नं, कुणी 'जी-एन' नं. 'विविधज्ञानविस्तार' या जुन्या मासिकाचं नाव कुणी सलग लिहितं, कुणी तीन शब्दांत तोडतं. 'व' साठी डब्ल्यू आणि व्ही, शेवटचा 'अ' लिहिलेला आणि न लिहिलेला, हे सगळे पर्याय एका कागदावर मांडून एकेक करून पाहावे लागतात. साल आणि संपादक हे रकाने चुकीचे भरलेले असतात, तेव्हा सालाची चाळणी लावू नका. फाइल उघडून पहिलं पान डोळ्यांनी पाहा.

स्कॅनच्या आत शब्दानं शोधताना त्या काळचं लेखन लक्षात ठेवा. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'पुण्यांत', 'लग्नाचें' असे अनुस्वार सर्रास असत. त्यात जुना टाइप, झिजलेले खिळे आणि अरुंद रकाने, त्यामुळे यंत्रानं वाचलेला मजकूर बऱ्याचदा निरुपयोगी असतो. प्रत्यय लावून न शोधता शब्दाचा मधला न बदलणारा तुकडा शोधा. त्या काळचा शब्दही हवा. आपण 'विधेयक' म्हणतो, ते 'बिल' म्हणत. 'संमतिवय' ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही करून पाहा, आणि 'बालविवाह', 'गर्भाधान', 'धर्मांत हात' असल्या शब्दांनीही पाहा, कारण वाद त्या नावांनी चालला होता. यंत्राला काही मिळालं नाही याचा अर्थ मजकूर नाही असा कधीच घेऊ नका. अकरा अंक डोळ्यांखालून घालायला दोन दिवस पुरतात, आणि तेच खात्रीचं.

प्रत्यक्ष खंड हातात आला की आधी त्याची तब्येत बघा. गंमत म्हणजे १८४० च्या सुमाराचा कागद कधीकधी १९२० च्या कागदापेक्षा धडधाकट असतो, कारण जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा आणि नंतरचा लाकडाच्या लगद्याचा. लाकडाचा कागद स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडून कडा तुटायला लागतात. घडीवर फाटलेलं पान उघडायचा हट्ट करू नका, ग्रंथपालांना बोलवा. फ्लॅश वापरू नका. मासिकांच्या खंडांत एक मोठं नुकसान ठरलेलं असतं: बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, आणि महिना बऱ्याचदा त्या मुखपृष्ठावरच छापलेला असतो. असं झालं असेल तर दुसऱ्या संग्रहातली प्रत पाहायला हवी, निदान मुखपृष्ठापुरती. मायक्रोफिल्म मिळाली तर नाक मुरडू नका. दिल्लीतलं पूर्वीचं नेहरू स्मारक ग्रंथालय, आताचं पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय, तिथे भारतीय वृत्तपत्रांच्या फिल्मचा मोठा संग्रह आहे, शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्येही दक्षिण आशियातल्या पत्रांच्या फिल्म आहेत. मूळ कागद नंतर नष्ट झाला आणि फिल्म उरली, असंही घडतं.

छायाचित्र घेताना प्रत्येक अंकाचं पहिलं, म्हणजे नाव आणि दिनांक असलेलं पान आधी घ्या, मग हवं ते पान पूर्ण, मग हवा तो रकाना जवळून. संध्याकाळी त्याच दिवशी फाइलींना नावं द्या: पत्र, वर्ष-महिना-दिवस, पान, रकाना, संग्रह. दोन महिन्यांनी नावं देऊ म्हटलं की चारशे छायाचित्रांतून एक रकाना कुठल्या पत्राचा हे टाइपवरून ओळखत बसावं लागतं.

टिपेत पत्राचं नाव, गाव, दिनांक, पान आणि रकाना तर द्याच, पण अंक कुठल्या संग्रहात पाहिला आणि कागद पाहिला, फिल्म पाहिली की स्कॅन, हेही द्या. गाव महत्त्वाचं, कारण एकाच नावाची पत्रं वेगवेगळ्या गावांतून निघालेली आहेत. एकच पत्र गावही बदलतं. 'दीनबंधु' १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलं आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईहून चालवलं. १८९१ च्या मजकुराचं अवतरण घेताना प्रताधिकाराची चिंता नको. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि निनावी लेखनाला प्रकाशनापासून साठ वर्षं, असा तो काळ आहे. संग्रहानं घातलेल्या छायाचित्रणाच्या अटी मात्र वेगळ्या, त्या पाळा आणि आभारात संग्रहाचं नाव लिहा.

आणि तक्त्यातली जी घरं शेवटपर्यंत रिकामी राहतील ती प्रबंधाच्या परिशिष्टात तशीच रिकामी छापा. कुठल्या पत्राचा कुठला अंक, कुठे कुठे शोधला आणि मिळाला नाही, एवढं लिहा. पुढे कुणाच्या तरी माळ्यावर तो अंक निघेल तेव्हा त्याला कळायला हवं की आपल्या हातात काय आहे.